गाळा घेऊ नका, जनावराच्या दारात जा

प्रश्न असा आहे: "मी जुळे सोलापुरात राहतो, खासगी बँकेत नोकरी आहे. दोन सीझन मित्राबरोबर लग्नात दुसरा कॅमेरा धरलाय. कॅनन २०० डी आणि कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स आहे. घरी लॅब्राडोर आहे, तिचे फोटो सगळ्यांना आवडतात. शनिवार-रविवारी पाळीव प्राण्यांची फोटोग्राफी करावी म्हणतो. ओळखीत एक गाळा भाड्याने मिळतोय, त्यात छोटा स्टुडिओ टाकू का? कॅमेरा बदलावा का? दर किती ठेवू, गिऱ्हाईक कुठून आणू? उद्या बरं चाललं तर नोकरी सोडता येईल का?"

गाळ्याला आजच नाही म्हणून टाका, बाकीचं जमण्यासारखं आहे.

नव्या जागेत आलेलं कुत्रं पहिला अर्धा तास फक्त जमीन हुंगतं, कारण तिथे आधी येऊन गेलेल्या प्रत्येक कुत्र्याचा वास त्याला लागतो. कोपऱ्यात पाय वर करतं, मालक ओशाळतो, तुम्ही पोछा शोधता. तोवर कुत्रं थकलेलं असतं. मांजराचं तर बोलायलाच नको, ते पिंजऱ्यातून बाहेर येऊन थेट दिव्याच्या सॉफ्टबॉक्सच्या मागे जाऊन बसतं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहतं. शिवाय तीस किलोचा लॅब्राडोर घेऊन सात रस्ता चौकातून तुमच्याकडे यायचं कसं? रिक्षावाला थांबत नाही, दुचाकीवर तो मावत नाही, आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनाही सीटवरचे केस नको असतात. पुण्या-मुंबईत असे स्टुडिओ चालतात, कारण तिथे घरं लहान आहेत आणि पैसे मोजणारी गर्दी मोठी आहे. आपल्याकडे अंगण आहे, ओसरी आहे, गच्ची आहे, गावाकडे गोठा आणि शेत आहे. गाळ्याचं भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागेल, काम असो नसो.

म्हणून जनावर जिथे राहतं तिथे आपण जायचं. एवढं ठरवलं की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

कॅमेऱ्याचंच बघा. २०० डी पुरेसा आहे. नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांमध्ये, अगदी कॅननच्या आर ५० मध्येसुद्धा, प्राण्याचा डोळा ओळखून फोकस धरायची सोय आहे आणि ती खरंच कामाची आहे. पण ती पहिल्या वर्षाच्या कमाईतून घ्या, कर्ज काढून नको. तोवर एकच फोकस पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवायची सवय लावा. लेन्समध्ये आधी ५० मिमी एफ १.८ घ्या, मग जुनी मिळाली तर लांबचं जवळ आणणारी ५५-२५० मिमी. पहिली ओसरीसाठी, दुसरी शेतासाठी. खोली लहान असेल तर ५० मिमी या कॅमेऱ्यावर अंगावर येते, कुत्रं फ्रेममध्ये मावत नाही, तिथे किट लेन्सच बरी.

१.८ वर लेन्स आहे म्हणून १.८ वरच काढू नका. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांचं तोंड लांब असतं. जवळून काढलं की नाकाचा शेंडा धारदार येतो आणि डोळे धुरकट होतात. एफ ४ वर या, एफचा आकडा वाढला की मागचं-पुढचं जास्त स्पष्ट येतं. कुत्रं बसलेलं असलं तरी शटर १/२५० च्या खाली नको, कान आणि मान सतत हलत असतात. पळत असेल तर १/१००० किंवा वर. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढला तर वाढू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

काळ्या कुत्र्याचं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा, हा लग्नवाल्या फोटोग्राफरांचा नेहमीचा घोळ असतो. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं समजतं. फ्रेम भरून काळा लॅब्राडोर असला की ते फोटो उजळ करतं आणि तुमचा काळा कुत्रा राखाडी दिसतो. तिथे एक्स्पोजर पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली आणा. पांढऱ्या पॉमेरेनियनला उलटं, तिथे वर जा, नाहीतर तो मळकट दिसेल. काळ्या कुत्र्याला समोरून फ्लॅश मारू नका. अंगावर नुसते चकाकते ठिपके येतात आणि डोळे हिरवे पेटतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश परत फेकणारा पडदा असतो. खिडकी किंवा ओसरीचा बाजूने येणारा उजेड घ्या, त्यातच केसांचा पोत दिसतो.

आता एक काम कसं होतं ते सांगतो. सकाळी साडेसातला घरी पोचायचं. चप्पल बाहेर, कॅमेरा पिशवीतून काढून जमिनीवर ठेवायचा, आपणही जमिनीवरच बसायचं, कुत्र्याकडे बघायचं नाही. मालकाशी बोलत राहायचं. कुत्रं येतं, तुमचे हात हुंगतं, कॅमेरा हुंगतं, कंटाळून जातं. मग दोन-चार फोटो उगाच भिंतीचे काढायचे, म्हणजे शटरचा आवाज कानाला सवयीचा होतो. इकडे मालकाला सांगायचं की ओसरीत उजेडाच्या कडेला टॉवेल अंथरा. सोलापुरी टॉवेल, एकरंगी, जाडसर. फरशीवर पाय घसरला की कुत्रं अंग चोरून बसतं, टॉवेलवर ते ऐसपैस बसतं आणि फोटोत खाली रंगही शांत राहतो. पुष्कळ जण हौसेनं चादर काढतात. आपली चादर नामांकित आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे, पण जकार्डची नक्षी फोटोत कुत्र्यापेक्षा जास्त बोलते. चादर हवीच असेल तर घडी घालून मागे ठेवा.

मान वळवून बघायला लावायचं असेल तर शिट्ट्या, पिपाण्या सगळे वापरतात. मला कडक भाकरीचा तुकडा जास्त आवडतो. लेन्सच्या शेजारी कटकन मोडला की दोन्ही कान उभे राहतात आणि मान तिरकी होते. तेवढ्यात तीन-चार फोटो निघतात. मात्र हे दोन-तीनदाच चालतं, मग कुत्र्याला कळतं की हा माणूस नुसता आवाज करतो. तेव्हा तुकडा देऊन टाकायचा. खायला काय द्यायचं ते आधी विचारा. कुठे उकडलेलं चिकन चालतं, लिंगायत किंवा जैन घरात पनीर न्या. चॉकलेट, द्राक्षं, कांदा-लसूण कुत्र्याला घातक आहे, घरातल्या मुलांनी लाडानं पुढे केलं तरी थांबवा. आणि कुत्र्याशी मालक ज्या भाषेत बोलतो तीच भाषा वापरायची. सोलापूरच्या पूर्व भागात पुष्कळ घरी कुत्र्याला तेलुगूत हाक मारतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमध्ये. तुमच्या 'सिट-स्टे'ला ते कुत्रं ढुंकूनही बघणार नाही. हुकूम मालकालाच देऊ द्या, आपण फक्त कुठे उभं राहायचं ते सांगायचं.

जीभ बाहेर काढलेलं कुत्रं हसतंय असं लोकांना वाटतं. बऱ्याचदा त्याला उकडत असतं. वारंवार ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, शेपूट पोटाखाली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अचानक ताठ होऊन स्तब्ध उभं राहणं. हे दिसलं की कॅमेरा खाली ठेवायचा. फोटो काढायला तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर न्यावं लागतं, त्यामुळे चावा बसला तर चेहऱ्याला बसतो. धंदा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन टाका. तरीही दात लागलाच, नुसता ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरचं कुत्रं आहे, लस झाली आहे, असं मालक म्हणेल. तरी जायचं.

सोलापूरचं ऊन हा या धंद्यातला खरा भागीदार आहे, तो म्हणेल ते वेळापत्रक. मार्चअखेरपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत कामं फक्त सकाळीच घ्या. मे महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो, साडेआठपर्यंत आटोपून घरी यायचं. पारा ४२-४३ वर असतो तेव्हा संध्याकाळी सहालासुद्धा डांबर आणि शहाबादी फरशी तापलेली असते. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याला तिथे उभं करू नका. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही, त्यांचं काम उन्हाळ्यात घरातच करा नाहीतर घेऊच नका. सुगीचे दिवस म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. दिवाळीचा आठवडा मात्र सोडा, फटाक्यांनी कुत्री पलंगाखाली असतात.

जागांबद्दल. मालकांना वाटतं भुईकोट किल्ल्यात, सिद्धेश्वर तलावाकाठी फोटो काढावेत. किल्ला संरक्षित स्मारक आहे, स्टँड-लाइट घेऊन परस्पर आत शिरता येत नाही, आणि देवळाच्या परिसरात कुत्रं नेऊन कुणाचा राग ओढवून घ्यायची काही गरज नाही. नान्नजकडचं गवताळ माळरान फोटोत फार देखणं दिसतं हे खरं, पण ते माळढोक अभयारण्य आहे. तिथे लांडगे आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. पाळीव कुत्र्यांकडून लांडग्यांना रोग लागतात. तिथे कुत्रं न्यायचं नाही, मालक कितीही पैसे देवो. ओळखीच्या शेतकऱ्याचं ज्वारीचं रान माघात कापणीला येतं तेव्हा सकाळच्या उजेडात जो रंग मिळतो, तो कुठल्याच बागेत मिळत नाही.

आता गिऱ्हाईक. विजापूर रोड, होटगी रोड, जुळे सोलापूर इथली लॅब्राडोर-शिह त्झूवाली मंडळी तुम्हाला डोळ्यासमोर आहेतच. त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून जातो. डॉक्टरांच्याच कुत्र्याचा एक मोठा फोटो फुकट काढून द्या, फ्रेम करून दवाखान्यात लावा, खाली लहानशी पट्टी, नाव आणि नंबर. तिथे माणूस अर्धा तास बसलेला असतो, कुत्रं मांडीवर असतं, आणि समोर भिंतीवर फोटो. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवर घातलेल्या पैशांपेक्षा ती भिंत जास्त काम देते.

पण सोलापुरात पाळीव प्राणी म्हणजे फक्त कुत्रा-मांजर समजलात तर निम्मा बाजार सोडून द्याल. खिलार बैल बघा. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर पट्ट्यात शर्यतीच्या किंवा पैदाशीच्या खोंडावर मालक जितका जीव टाकतो तितका शहरात कुणी टाकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून नाव कमावलेल्या बैलांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात. वाढदिवसाचे, जिंकल्याचे, नुसते हौसेचेसुद्धा. त्यातले बहुतेक मोबाइलवर काढलेले आणि मागचं काहीतरी कापून चिकटवलेले असतात. इथे तुम्हाला जागा आहे.

या फोटोचे नियम वेगळे. मालकाला बैलाचा चेहरा नकोय, त्याला अख्खा बैल हवाय, एका बाजूनं, चारही पाय वेगवेगळे दिसतील असा. वशिंड, गळ्याखालची पोळी, मागे वळलेली लांब शिंगं, शेपटीचा गोंडा, यातलं काही कापलं गेलं तर फोटो फुकट. ५५-२५० घेऊन पंचवीस-तीस फूट लांब जा आणि गुडघ्यावर बसा. उभ्यानं काढला की बैल बुटका दिसतो आणि मालक पहिल्या नजरेत ते ओळखतो. रंग पांढरा असतो, त्यामुळे ऊन चढल्यावर अंगावरचा तपशील उडतो, सकाळी किंवा दिवस कलल्यावरच काढा. कासरा धरायला मालक किंवा रोजचा गडीच हवा. मागून जवळ जायचं नाही, झूल-घुंगरमाळ आधी घालायची नाही. आधी साधे, वेसणीसकट, मग शेंब्या, गोंडे, झूल चढवून सजलेले. बेंदूर-पोळ्याच्या आसपास आठवडाभर आधी फोन करून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथे एक चक्कर मारून लोक बैल कसा पारखतात ते ऐका. तेवढं ऐकलंत तर पुढच्या बैलापाशी काय टिपायचं हे कुणी सांगावं लागणार नाही.

याच पट्ट्यात कारवान कुत्री पाळतात, सडपातळ, लांब पायांची. त्यांचे पळतानाचे फोटो काढून दिलेत तर मालक तुम्हाला गावभर फिरवून आणतील. कुंपण असलेलं रान बघा, नाहीतर ससा दिसला की कुत्रं तुमच्या लेन्सच्या टप्प्याबाहेर गेलेलं असेल.

दराचं गणित कागदावर मांडा. घरी एक तासाचं काम, दहा निवडक फोटो, एक १२ बाय १८ ची फ्रेम, असं पॅकेज धरू. शूटचा तास, जाण्यायेण्याचा तास, फोटो निवडायला तास, एडिटिंगला दोन, लॅबकडे आणि परत फ्रेम पोचवायला अर्धा-पाऊण. म्हणजे पावणेसहा तास गेले. फ्रेमला समजा ६००, पेट्रोल १००, कॅमेऱ्याच्या झिजेपोटी बाजूला ठेवायचे ३००. हजार इथेच संपले. बाजारात लोक ९९९ ला ऑफर लावतात, त्यांच्या खिशात काही राहत नाही, म्हणून सहा महिन्यांत बंद होतात. सोलापुरात मी २,५०० पासून सुरुवात करायला सांगेन. तासाला अडीचशेच्या आसपास सुटतात, जोडधंद्याला ठीक. बैलांचं काम लांबचं असतं, फ्लेक्सची फाइल द्यावी लागते, ३,५०० च्या खाली नको. निम्मे पैसे आधी, यूपीआयनं. ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर नक्कीच.

फ्रेम पॅकेजमध्येच ठेवा, पर्याय म्हणून नको. मोबाइलमध्ये प्रत्येकाकडे कुत्र्याचे हजार फोटो आहेत, तुम्ही अजून दहा दिलेत तर त्याला २,५०० कशाला द्यायचे? भिंतीवर लागलेली फ्रेम पाहुण्यांना दिसते, आणि पाहुणा विचारतो कुणी काढला. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखी पाठवू नका, दर्जा पडतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हची लिंक.

म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यासाठी फोन आला तर त्याच आठवड्यात जा, पुढची तारीख देऊ नका. एडिटिंगमध्ये त्याचं पिकलेलं तोंड काळं करू नका, मोतीबिंदूचा डोळा रंगवू नका. मालकाला तो जसा आहे तसाच हवा असतो.

पिल्लांच्या बाबतीत दोन गोष्टी. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू बुटाला, टॉवेलला लागून एका घरातून दुसऱ्या घरात जातो, महिनोन्महिने टिकतो आणि साध्या सॅनिटायझरनं मरत नाही. म्हणून एका दिवशी दोन कामं असतील तर पिल्लांचं आधी, मोठ्यांचं नंतर, आणि प्रत्येक घरी टॉवेल त्याच घरचा. दुसरं, पिल्लं विकणारे तुम्हाला स्वस्तात खूप काम देऊ करतील. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवा म्हणा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

पोपटाचंही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत पिंजरा असतो. देशी हिरवा पोपट आणि पाठीवर चांदण्या असलेलं कासव पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. मालकाला माहीत नसतं, तुम्ही फोटो काढून नावासकट टाकलात तर दोघंही अडचणीत याल. नम्रपणे नाही म्हणा. बजरीगर, कॉकाटील अशा परदेशी पक्ष्यांचं काम घ्यायला हरकत नाही. जाहिरातीसाठी किंवा चित्रपटासाठी प्राणी वापरायचा असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, तीही मालकाच्या किंवा निर्मात्याच्या नावानं त्यांनीच आणायची.

कागदपत्रं फार नाहीत. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जात नाही तोवर जीएसटी नोंदणीची गरज नाही. गाळा नाही, माणसं नाहीत, त्यामुळे गुमास्ताचा, म्हणजे दुकान-नोंदणीचा, प्रश्नही सध्या नाही. एक कागद मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाकडून सही करून घ्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो सांगणाराच असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुम्ही काढलेला फोटो तुमच्याच पानावर टाकायलाही त्याची मुभा लागते. दोन ओळी पुरेत: फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरीन, आणि शूटच्या वेळी जनावर मालकाच्या ताब्यात व जबाबदारीवर असेल.

नोकरीचं म्हणाल तर सोडू नका, निदान इथे तरी. पाऊस, ऊन, दिवाळी आणि लग्नसराई वजा केली की वर्षात कामाचे शनिवार-रविवार मोजकेच उरतात आणि त्यातही सकाळच. आणि पैसे घेऊन पहिलं काम करण्याआधी तुमचं बँकेचं नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच बँका दुसऱ्या उत्पन्नासाठी लेखी परवानगी मागतात. ती परवानगी हातात येईपर्यंत डॉक्टरांच्या कुत्र्याचा तो फुकटचा फोटो काढून घ्या, त्याला कुणाची हरकत नसते.